दुसऱ्या बरणीतला मासा

मी जन्माचा भित्रा. आमच्या डोंगरावरच्या गावी, कुडपणला, माझ्या वयाची पोरं कड्याच्या टोकाशी जाऊन खाली दरीत वाकून बघायची, तेव्हा मी मागे झाड धरून उभा राहायचो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या पाठीशी पाळण्यापासूनच असावा. पण कड्याची ती भीती खेळातली होती. खरी भीती मला पुढे महाडच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या टेबलापाशी, भरदुपारी भेटली.

साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी महाडात एका हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो आणि तळ्याजवळच्या आळीत एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. आई, बा आणि धाकटी बहीण वर कुडपणला. घरी जायचं म्हणजे महाडहून एसटीने पोलादपूर आणि तिथून पुढे पायी चढण. पावसाळ्यात वाट निसरडी व्हायची, ओढे भरून यायचे, त्यामुळे वरची माणसं चार महिन्यांची बेगमी आगोटीलाच, पाऊस लागायच्या आधी, करून ठेवत. मीठ, सुकी मासळी, रॉकेल. आणि बाच्या हिशेबात या सगळ्यांच्या आधी तंबाखू.

तंबाखूची पानं तो महाडच्या बाजारातून आणायचा. चुरा करून मडक्यात भरायचा, मडक्याचं तोंड फडक्याने बांधून ते चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचा. विडीला पान रानातल्या आपट्याचं. घरात तांदूळ कमी पडला तर बा गप्प बसे, पण तंबाखू सरत आला की येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसे. आणि तंबाखू दर वर्षी सरायचाच, कारण श्रावण लागला की त्याला कीड लागायची. बारीक तपकिरी किडे निम्मं मडकं पोखरून ठेवत.

त्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी घरी गेलो तर बा ओटीवर मडकं मांडीशी घेऊन बसलेला. मला बघताच हसला.

"ये मास्तर, बघ. यात एक किडा दावलास तर मिशा उतरवीन."

मी वाकून बघितलं. किडा नव्हता खरा. तंबाखूवर पांढरी भुकटी मात्र भुरभुरलेली होती, पुरणपोळीवर पिठी लावावी तशी.

"हे काय घातलंस?"

"पावडर. मलेरियावाल्यांची."

मलेरियाचे फवारणीवाले तेव्हा गावोगाव फिरत. घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटीचं पांढरं पाणी मारून जात आणि दारावर आकडे लिहून ठेवत. कुडपणला आले की मुक्काम आमच्याकडे. आईने त्यांना नाचणीची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा करून वाढला होता, आणि जाताना त्यांनी बाला डबाभर कोरडी पावडर दिली होती, ढेकणांसाठी म्हणून. ढेकूण मेले. मग बाने डोकं चालवलं. ढेकूण मरतो तर तंबाखूतला किडा का नाही मरणार? त्याने मडक्यात एक थर तंबाखूचा, वर चिमूट पावडर, पुन्हा तंबाखू, असे थर लावले. एवढंच नाही, वाडीतल्या चार घरांना हा उपाय शिकवलाही.

मी काही बोलणार तेवढ्यात माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. आमच्या बाची विडी वळण्यात ख्याती होती. तो बैलांकडे बघत, कुणाशी भांडत, न बघता विडी वळायचा आणि ती बोटासारखी सरळ निघायची. आज त्याचा हात कापत होता. तंबाखू पानाबाहेर सांडत होता आणि तो सांडलेला पुन्हा गोळा करत होता.

"हात का कापतोय रे?"

"वय झाला. तुझं लगीन झाला की थांबंल."

आत चुलीपाशी आई होती. ती तिथूनच म्हणाली, "मांजर बी असाच कापत व्हता बघ."

आईने ते सहज म्हटलं आणि भाकरी उलटली. फवारणीनंतर आमचं मांजर भिंतीला अंग घासायचं आणि मग अंग चाटत बसायचं. ते थरथरायला लागलं, पाय टाकताना लडखडायला लागलं आणि एके सकाळी चुलीमागे मरून पडलं. हे मला माहीत नव्हतं. बासमोर बसून मी त्याच्या हाताकडे बघत होतो आणि मला डोळ्यांसमोर चुलीमागचं मांजर दिसत होतं.

मी बाला सांगून बघितलं. ही विषारी वस्तू आहे, ती ओढू नको. बा काही अडाणी वाद घालणारा माणूस नव्हता. त्याचा वाद मुद्द्याला धरून असायचा.

"सरकार घराघरांत मारतंय, ते काय मानसा मारायला? आमी त्याच भितीला टेकून निजतो. गेलो काय?"

"भिंतीला टेकणं वेगळं. ही तू छातीत घेतोस."

"खातो काय मी? जाळतो. जाळला की इष मेला. आगीत काय उरतंय?"

आगीत काय उरतं हे मला, शास्त्राच्या मास्तरला, ठामपणे सांगता येईना. पुस्तकात मलेरिया होता, डीडीटी होतं, पण डीडीटी घातलेली विडी ओढली तर काय होतं हे कोण कशाला लिहील? ज्यांनी ते लिहायला हवं होतं त्यांनी आमच्या बाला बघितलेलं नव्हतं. म्हणून मी दोन पुड्या बांधून घेतल्या. एक मडक्यातल्या पावडरवाल्या तंबाखूची, दुसरी आईच्या मशेरीच्या डब्यातली. मशेरी दातांना लावायची, म्हणून आईने आपला तंबाखू पावडरीपासून लांब ठेवला होता. आपट्याची पानंही घेतली.

"साळंत इड्या वडायला शिकवतोस काय रे?" बा मागून ओरडला. चढणीवरून खाली उतरेपर्यंत मला त्याचं हसणं आणि त्या हसण्याच्या शेवटी येणारा खोकला ऐकू येत होता.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांब टेबल, दोन कपाटं आणि पत्र्यावर पावसाचा आवाज. पण एक सोपी परीक्षा मला येत होती. तांब्याची तार ज्योतीत तापवायची. क्लोरीन असलेली वस्तू त्या तारेला लागली की ज्योत हिरवी होते. डीडीटीत क्लोरीन भरपूर. प्रश्न एवढाच की ते विडीच्या आगीत मरतं की धुरात येतं.

विडी ओढणार कोण? मी आयुष्यात ओढली नव्हती. म्हणून खाली तोटी असलेली मोठी बाटली पाण्याने भरली आणि तिच्या बुचातून रबरी नळी काढून नळीच्या टोकाला विडी बसवली. तोटी सोडली की पाणी खाली जातं आणि बाटली विडीचा झुरका घेते. नळी चिमटीत धरायची, सोडायची, पुन्हा धरायची, म्हणजे माणसासारखे झुरके होतात. वरून पुन्हा पाणी भरलं की साठलेला धूर नळीवाटे बाहेर येतो.

आईच्या तंबाखूचा धूर तापलेल्या तारेवरून नेला तेव्हा ज्योतीत नाव घेण्यासारखं काही दिसलं नाही. बाच्या विडीचा धूर नेला आणि ज्योत पोपटाच्या पंखासारखी हिरवी झाली. मी बाटली पुन्हा धुराने भरली. पुन्हा हिरवी. विष आगीत मेलं नव्हतं. ते जसंच्या तसं येत होतं की रूप पालटून आणखी वाईट होऊन येत होतं, हे सांगण्याइतकं सामान आणि अक्कल माझ्याकडे नव्हती. बा मात्र रोज सकाळपासून ते ओढत होता.

हिरव्या ज्योतीने बा मानणार नाही हे मी जाणून होतो. तो म्हणाला असता, चंद्रज्योत छान लावलीस. त्याला पटायला जिवंत काहीतरी हवं होतं. सावित्रीच्या काठच्या डबक्यातून मी बोटाएवढे मासे धरून आणले आणि कुडपणला निरोप पाठवला की रविवारी बाजाराला ये तेव्हा शाळेत डोकावून जा.

बा आला. घोंगडी दाराशी काढून ठेवली, पायही तिथेच पुसले. टेबलावर दोन बरण्या मांडल्या होत्या. एकीतल्या पाण्यातून मी त्याच्या पावडरवाल्या विड्यांचा धूर बुडबुडत सोडला, दुसरीत साध्या विड्यांचा. बाटली झुरके घ्यायला लागली तशी बाची करमणूक झाली.

"काच बी वडते की रे! खोकत मात्र नाय."

मग मी एकेका बरणीत एकेक मासा सोडला आणि आम्ही बापलेक बाकावर बसलो. बराच वेळ काही झालं नाही. बाने गावच्या गोष्टी काढल्या. बहिणीला स्थळ आलं होतं, खालच्या गावचं घर, माणसं बरी. बोलता बोलता तो थांबला.

पहिल्या बरणीतला मासा सैरावैरा धावायला लागला होता. काचेवर तोंड आपटायचा, गर्रकन वळायचा. मग तो एका जागी आला आणि त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं, शेपटीपासून डोक्यापर्यंत. बा टक लावून बघत होता. त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं आणि तो हात हळूच मांडीखाली घेतला.

मी ते बघितलं नाही असं दाखवलं. बापाला घाबरलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. रानात बिबट्याने वासरू धरलं तेव्हा कोयता घेऊन धावलेला हा माणूस. आणि आता बोटाएवढ्या माशासमोर हात लपवून बसला होता. मासा उलटा झाला, पांढरं पोट वर आलं.

"बास," बा म्हणाला. "मडका वतून टाकतो. ज्यांना शिकवला त्यांना बी सांगतो." जरा थांबून त्याने दुसऱ्या बरणीकडे बोट केलं. "आन ह्यो बघ कसा मजेत फिरतोय. आपली साधीच बरी रे."

मी त्याला स्टँडवर पोचवायला गेलो. पोलादपूरची गाडी भरलेली होती, तरी त्याला खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटली तेव्हा मी इतका हलका झालो होतो की वाटेत भजी घेऊन खात खात शाळेत परतलो. बरण्या धुवायच्या राहिल्या होत्या.

दुसऱ्या बरणीतला मासाही उलटा झाला होता.

तो थरथरला होता की नव्हता, कधी उलटला, मला माहीत नाही. मी भजीचा कागद हातात घेऊन उभा होतो. बरणीत पावडर नव्हती. आईच्या मशेरीचा तंबाखू, रानातलं पान आणि नदीचं पाणी, दुसरं काही नव्हतं. मला वाटलं, बरणी नीट धुतली नसेल, पहिलीतलं काही दुसरीत गेलं असेल. मी हे मनाला इतक्या घाईने सांगितलं की त्या घाईचीच मला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी बरण्या राखेने घासल्या, नवे मासे आणले, पुन्हा केलं. एका बरणीत नुसतं नदीचं पाणी ठेवलं. त्यातला मासा जगला. साध्या विडीचा उशिरा मेला, पण मेला. मग मला वेडच लागलं. बाजारात काही दुकानदार विडीच्या तंबाखूवर गुळाचं पाणी मारायचे, घसा धरू नये म्हणून. काही बडीशेपेचा अर्क लावायचे. मी दोन्ही आणून बघितले. एक तरी मासा जगावा, म्हणजे बाला सांगता येईल की हा ओढ, अशी माझी आशा. गुळाच्या विडीचा धूर गोड वास मारायचा आणि मासा मरायचा. बडीशेपेचा धूर पानाच्या दुकानासारखा यायचा आणि मासा मरायचा. कोण आधी आणि कोण नंतर एवढाच काय तो फरक. आगीतून निघून फुफाट्यात पडलो म्हणतात, तसं झालं. आधी मला मडक्यातल्या पावडरची भीती होती, ती निदान ओतून टाकता येत होती.

तेव्हापासून मला जिथे तिथे विड्या दिसायला लागल्या. स्टँडवरचा ड्रायव्हर, कोर्टाच्या पायरीवरचे पक्षकार, शाळेच्या कुंपणापाशी लपलेले अकरावीचे दोघे. पूर्वी मी त्यांच्याजवळून जायचो तो फक्त नाक दाबून. आता थांबून त्यांचे झुरके मोजायचो.

गावातल्या एका डॉक्टरांशी माझी ओळख होती. मी त्यांना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डब्यातून एक सुगंधी सिगारेट काढून पेटवली.

"मास्तर, परदेशात याच्यावर बरंच चाललंय म्हणतात. सिगारेटच्या धुराचा अर्क काढून उंदरांच्या पाठीला लावून बघतात, वाचलंय मी. पण मासा तो मासा. तुमचे वडील पाण्यात राहतात का?"

"त्यांना खोकला आहे."

"डोंगरात कुणाला नाही?" डॉक्टर म्हणाले. "पावडर सोडायला लावलीत हे फार चांगलं केलंत. आता कशाला घाबरता?" आणि मला दाराशी सोडताना त्यांनी हसत हसत डब्यातली एक सिगारेट माझ्या खिशात घातली, माशासाठी म्हणून. ती मी नेऊन लावली. तिच्या बरणीतला मासाही जगला नाही, हे त्यांना सांगायला मी गेलो नाही, कारण तोपर्यंत दिवाळीची सुट्टी लागली होती आणि मला घर गाठायचं होतं.

घरी बा अंगणात होता. त्याने मला बघितलं आणि काही न बोलता उजवा हात पुढे पसरला. तो हात स्थिर होता, थोडासुद्धा हलत नव्हता. आई बहिणीला म्हणाली, "देव पावला गो बाय, माझ्या पोराच्या रूपानं." वाडीतल्या चारही घरांनी मडकी रिकामी केली होती. ज्याला त्याला माझं कौतुक. मी ओटीवर बसलो आणि बाला दुसऱ्या बरणीची गोष्ट सांगितली. गुळाची, बडीशेपेची, सिगारेटची, सगळी सांगितली.

बाने पूर्ण ऐकलं. मग वर बोट केलं. चुलीच्या वर, आढ्याला, पुढच्या वर्षाच्या बियाण्याची नाचणीची कणसं टांगलेली होती, धुराने काळी झालेली.

"ती धुरात कशापाय टांगतो आपन?"

"कीड लागू नये म्हणून."

"मरतात काय ती? मिरगाला पेरली की उगवतात. ह्या घराचा वासा काळा हाय म्हनून वाळवी लागत नाय. धूर राखतो रे मास्तर, मारत नाय. पावडरीचा सांगितलास तवा माझा हात कापत व्हता, म्हनून मी ऐकला. आता काय कापतंय?"

मी म्हणालो, "खोकला आहे."

"खोकला माझ्या बापाचा हाय. त्यो घरचाच," बा म्हणाला आणि उठून बैलांकडे गेला.

आजही ती कणसं आठवली की वाटतं, या माणसाला हरवायला माझ्यापेक्षा शहाणा मास्तर हवा होता. मी भांडलो, रुसलो, आईकडून सांगवलं. दिवाळीभर मी त्याच्या प्रत्येक खोकल्याला दचकत होतो आणि तो माझ्या दचकण्याला हसत होता.

माघात बहिणीची सुपारी फुटायची होती. खालच्या गावचे व्याही आपल्या माणसांसह चढण चढून आले. आमच्याकडे सोयरीक ठरली की मुलीचा बाप स्वतः वळलेली विडी मुलाच्या बापाला देतो, दोघं एकाच निखाऱ्यावर पेटवतात, मग बोलणी पक्की. व्याही सज्जन होते, पण चढणीने त्यांचा ऊर धपापत होता. बाने तबक पुढे केलं तशी त्यांनी हात जोडले.

"मला माफ करा. दमा हाय. मी सोडली हाय इडी."

ओटीवर कुजबुज झाली. बा मुळीच बिथरला नाही. उलट त्याचा चेहरा फुलला.

"बिनघोर घ्या. बाजारातला भेसळीचा माल नाय. माझ्या मास्तरानं साळंत मासं सोडून तपासलाय. पावडरीचा मी फेकून दिला, ह्यो साधा हाय."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरांत आदर होता. व्याह्यांनीही माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरा काय, मास्तर?"

दाराआड बहीण उभी होती, नव्या लुगड्यात.

"नका घेऊ," मी म्हणालो. "तोही मासा मेला होता. साध्याचाही मेला होता."

बाच्या हातातलं तबक तसंच राहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उतरला, आणि दाराआडून बांगड्यांचा आवाज झाला तो मी अजून विसरलेलो नाही. मुलाकडचा एक जण पुटपुटला, "बाप देतो नि पोरगा नको म्हनतो. सोयरीक करायची हाय का नाय यांना?"

व्याह्यांनी आधी बाकडे बघितलं, मग दाराकडे. फार भला माणूस. पोरीची आणि तिच्या बापाची मान खाली जायला नको म्हणून त्यांनी पुढे होऊन तबकातली विडी उचलली.

"मास्तरचा प्रेम हाय आपल्यावर, म्हनून भितात," ते हसून म्हणाले. "द्या हो निखारा."

दोघांनी पेटवली. ओटीवर हसू आणि बोलणं सुरू झालं, आईने गूळखोबरं वाटलं, बहिणीचं लग्न ठरलं. बाने येता जाता माझ्या पाठीवर थाप मारली, रागावला नव्हता. मी खांबाला टेकून बसलो होतो. व्याह्यांना खोकला लागला, मग बाला लागला. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते आणि खोकत होते, आणि डोळे मिटले की कुठला खोकला कुणाचा ते मला ओळखता येत नव्हतं.